फियाटमध्ये वीणा कशी बसते?

तंजावरची वीणा जवळून पाहिली की माणसाच्या तोंडून दोन प्रश्न हमखास निघतात. ही सगळी एकाच लाकडातून कोरली आहे का? आणि एवढं धूड घेऊन प्रवास कसा करतात? पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोणताही कारागीर हौसेनं देतो. दुसऱ्याचं उत्तर ज्यांनी वर्षानुवर्षं वीणा नेली-आणली, त्यांच्या हातांना ठाऊक असतं. त्यातही गाडी जुनी आणि छोटी असेल, म्हणजे आपल्याकडे जिला डुक्कर फियाट म्हणत ती, किंवा मद्रासमध्ये तयार होणारी स्टँडर्ड हेराल्ड, तर प्रश्न आणखी टोकदार होतो. त्याचं उत्तर शोधायला थोडी भूमिती लागते, थोडं पदार्थविज्ञान लागतं आणि कावेरीकाठच्या गावांची थोडी ओळख लागते.

१. बांधावरचे रस्ते

कल्लणै या प्राचीन बंधाऱ्यापासून पुढे कावेरी फुटत जाते. तंजावरपासून बारा-तेरा किलोमीटरवरच्या तिरुवैयारू या गावाचं नावच पाच नद्यांवरून पडलेलं आहे. नदीतून कालवे, कालव्यांतून पाट आणि पाटांतून भातखाचरं. मेट्टूर धरणाचं पाणी प्रथेप्रमाणे 12 जूनला सुटतं आणि मग हा सगळा प्रदेश पाण्यानं भरून जातो. कोरडी उंच जमीन म्हणजे कालव्याचे बांध, म्हणून गावोगावचे कित्येक रस्ते बांधांवरूनच गेलेले. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भात, मधे अरुंद वाट आणि थोड्या थोड्या अंतरावर छोटे पूल.

कर्नाटक संगीत वाढलं ते याच गावांत. त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री, तिघांचाही जन्म तिरुवारूरचा. सेम्मनगुडी, बुदलूर, उमयाळपुरम, वलंगैमान, पापनाशम ही नावं मैफलींच्या पत्रिकांवर वाचलेली असतात, पण मुळात ती खेडी आहेत. कलाकारांची नावं गावांवरून पडली, आणि कलाकारांना देवळातल्या उत्सवासाठी, लग्नासाठी, आराधनेसाठी एका गावाहून दुसऱ्या गावी वाद्य घेऊन जावंच लागे. नागपट्टणम ते तिरुचिरापल्ली हा लोहमार्ग 1861 च्या सुमारास सुरू झाला. रेल्वेनं लांबचा पल्ला सोपा केला. स्थानकापासून गावापर्यंतचे शेवटचे काही कोस मात्र बैलगाडीचेच राहिले, आणि पुढे ते काम छोट्या मोटारीकडे आलं. बांधावरच्या वळणावर मोठी गाडी अडते. हेराल्ड मात्र अवघ्या 25 फुटांच्या वर्तुळात पूर्ण वळायची. त्या काळच्या गाड्यांत हा गुण दुर्मीळ होता.

मराठी वाचकाला या मुलखाशी नातं नव्यानं जोडावं लागत नाही. व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास तंजावरला भोसल्यांचं राज्य स्थापन केलं आणि ते 1855 पर्यंत टिकलं. बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख आजही वाचता येतो. पहिल्या तुळजाराजांनी ‘संगीत सारामृत’ हा ग्रंथ लिहिला. पुढच्या काळात, कुंभकोणमजवळच्या तिरुविडैमरुदूर गावी सखारामराव हे तंजावरी मराठी घराण्यातले वादक होऊन गेले. गोट्टुवाद्यम हे वीणेच्या कुळातलं अवजड वाद्य मैफलीत रुजवण्याचं मोठं श्रेय त्यांच्याकडे जातं. पुढे कर्नाटक गायनाचे पितामह मानले गेलेले सेम्मनगुडी श्रीनिवास अय्यर लहानपणी काही काळ त्यांच्याकडे शिकले. तेव्हा या प्रकरणातलं ओझं काही अंशी आपल्याच घरचं आहे.

२. वीणेचा देह

गाडीकडे जाण्याआधी वीणा नीट पाहू. उजवीकडे मोठा घट असतो, त्याला कुडम म्हणतात. त्याचा व्यास साधारण 15 इंच. त्यातून निघते ती पोकळ दांडी. दांडीच्या टोकाला खाली वळलेलं याळीचं, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचं मुख. दांडीखाली डावीकडे दुसरा, लहान भोपळा; हा आता बहुधा कागदाच्या लगद्याचा किंवा फायबरचा असतो आणि फिरकीनं काढता येतो. बाकी सगळं फणसाचं लाकूड. तो फणस बहुतेक पनरुटी भागातून येतो. लांबी चार फुटांहून थोडी जास्त, वजन साधारण आठ किलो.

एकाच ओंडक्यातून कोरलेल्या वीणेला एकांड वीणा म्हणतात. कुडम, दांडी आणि याळी वेगवेगळी करून जोडली तर ती जोडवीणा. वाजवताना दोन्हींत जाणकारालाच फरक कळतो, पण प्रवासात तो मोठा ठरतो. जोडवीणेचा नाजूक भाग म्हणजे कुडम आणि दांडी यांचा सांधा. वीणा दांडीला धरून उचलली, की घटाचं सगळं वजन त्या सांध्यावर तरफेसारखं येतं. म्हणून सराईत माणूस एक हात नेहमी कुडमाखाली घालतो.

दांडीवर 24 पडदे. सतराव्या शतकात, रघुनाथ नायकाच्या कारकिर्दीत हे पडदे कायमचे बसवण्याची पद्धत रूढ झाली असं मानतात, आणि त्या राजाचे मंत्री गोविंद दीक्षित यांचंही नाव त्यासोबत घेतलं जातं. चार तारा वाजवायच्या, तीन बाजूला ताल-सुरासाठी. तारा ज्या घोडीवरून जातात ती मुख्यतः तारांच्या दाबानंच जागेवर उभी असते. 2013 साली या वीणेला भौगोलिक मानांकन मिळालं.

आता पडद्यांची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. ते खिळ्यांनी ठोकलेले नसतात. दांडीच्या दोन्ही कडांना मेण आणि कोळशाची पूड यांच्या काळ्या मिश्रणाचे दोन लांब कट्टे असतात आणि पितळी किंवा काशाचे पडदे त्यांत रोवलेले असतात. जाणता कारागीर मेण मऊ करून, एकेक पडदा कानानं सुरात आणून बसवतो. तंजावरकडे या कामाला मेळम बांधणं म्हणतात. वीणेचा सूर या मेणावर उभा आहे, हे ध्यानात असू द्या. पाचव्या भागात ते लागेल.

३. मावते का?

मुंबईच्या कुर्ल्यात वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यानं 1950 च्या दशकात फियाट 1100 बाजारात आणली. गोलसर पाठीची ही गाडी म्हणजेच आपली डुक्कर फियाट. बाहेरून रुंदी 4 फूट 9 इंच. दोन्ही दारांची जाडी वजा केली तर आत जेमतेम चार फूट उरतात. वीणा सव्वाचार फुटांची. म्हणजे मागच्या सीटवर ती आडवी, सरळ बसत नाही. इथंच बरेचजण हात टेकतात आणि वीणा टपावरच्या कॅरिअरवर बांधण्याच्या गोष्टी सुरू होतात. तो मार्ग पूर्णपणे चुकीचा आहे: ऊन, वारा आणि हादरे हे तीनही शत्रू टपावर एकत्र भेटतात.

शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय इथं कामी येतं. मागच्या सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत साधारण तीन फूट धरू. चार आणि तीन फुटांच्या चौकोनाचा कर्ण पाच फूट. तिरपी ठेवली की वीणा मावली, असं वाटतं. पण घट गोल आणि रुंद आहे, तो कोपऱ्याच्या टोकापर्यंत शिरत नाही. म्हणून हिशेब जरा सावधपणे करू. घटाची त्रिज्या साडेसात इंच, म्हणजे सुमारे 0.65 फूट. घटाचा मध्य दोन्ही बाजूंपासून एवढा आत राहील. तिथून समोरच्या कोपऱ्याचं अंतर काढायला एका बाजूनं 3.35 आणि दुसऱ्या बाजूनं 2.35 फूट घ्या. उत्तर येतं 4.1 फूट. त्यात घटाची मागची बाजू मिळवा, 0.65. एकूण पावणेपाच फूट. सव्वाचार फुटांची वीणा ठेवून अर्धा फूट उरला, आणि तो उश्यांना हवाच होता.

प्रत्यक्षात याची रीत अशी. आधी खालचा भोपळा फिरवून काढायचा आणि कपड्यात वेगळा गुंडाळायचा. सीटपुढचा पाय ठेवायचा खळगा वळकटीनं किंवा पिशव्यांनी सीटच्या उंचीपर्यंत भरायचा, नाहीतर याळीचं टोक हवेत लोंबकळतं आणि प्रत्येक खड्ड्यात दांडी सांध्याला ओढते. मग कुडम आधी आत, सीटच्या पाठीला टेकवून, तारा आणि पडदे वरच्या बाजूला, याळी शेवटी. गाडीत मावणं वेगळं आणि दारातून आत जाणं वेगळं, हेही लगेच कळतं. फियाटच्या पुढच्या आणि मागच्या दारांच्या बिजागऱ्या एकाच मधल्या खांबाला आहेत. मागचं दार पूर्ण उघडून वीणा जरा तिरकी करावी लागते, कारण मागच्या चाकाचा उंचवटा वाटेत येतो. सुरुवातीच्या हेराल्डला दोनच दारं होती, त्यामुळे पुढच्या सीटची पाठ वाकवून मागे शिरावं लागे आणि कठीण पेटीतली वीणा तर आतच जात नसे. अशा वेळी पेटी मागे ठेवून, वीणा सुती गवसणीत गुंडाळून, शेजारी बसलेल्या माणसानं कुडमावर हात ठेवून नेणं एवढाच पर्याय उरतो.

फियाटच्या बाजूनं एक गोष्ट आहे. तिचा गिअरचा दांडा सुकाणूखाली होता, त्यामुळे पुढच्या दोन सीटांमधली जमीन त्यातून सुटली. तंबोऱ्याची लांब मान तिथून पुढे सरकवता येते. हेराल्डमध्ये गिअर जमिनीवर होता, तिथं ही सोय नव्हती.

४. हादरा कुठे कमी लागतो?

मावली म्हणजे पोहोचली असं नाही. लाकडाला एकदा मोठा धक्का बसला तर ते कदाचित सोसतं. तीन तास चालणारे बारीक धक्के सांधा सैल करतात आणि पडदे मेणात हलवतात.

एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून कोकणात गेलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. तिथं जो उडतो तो मधल्या बाकावर उडत नाही, कारण शेवटचं बाक मागच्या चाकाच्याही मागे असतं. हाच हिशेब छोट्या गाडीला लावू. फियाटच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत 2.34 मीटर अंतर. समजा मागची चाकं एका उंचवट्यावर 5 सेंटिमीटर उडाली आणि पुढची जमिनीवर राहिली. मग गाडीच्या बरोबर मध्यभागी उडी अडीच सेंटिमीटर. मागच्या सीटवर, म्हणजे आसाच्या थोडं पुढे, सुमारे चार. आणि डिकीत, आसाच्या साठ सेंटिमीटर मागे, सव्वासहा. डिकी दिसायला सुरक्षित वाटते. बंद, अंधारी, कुणाचा पाय लागत नाही. तरी वाद्यासाठी गाडीतली तीच सगळ्यांत वाईट जागा. वीणेचा जड आणि नाजूक भाग जितका मधल्या खांबाजवळ आणता येईल तितका आणावा. बांधावरच्या रस्त्यावर वेग आपोआपच कमी राहतो, ही त्या रस्त्यांची वीणेवरची कृपा म्हणायची.

५. ऊन आणि मेण

तंजावरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 38 च्या पुढे जातो. काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तासाभरात 50 अंश ओलांडले जातात. मधमाश्यांचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, पण मऊ व्हायला त्याच्या बरंच आधी सुरुवात होते. कोळशाची पूड त्याला घट्टपणा देते, तरी तिचीही मर्यादा आहे. मंडपाशेजारी गाडी उभी करून मंडळी जेवायला बसली आणि पानावरून उठेपर्यंत वीणा गाडीतच राहिली, तर काही पडदे सूतभर कलतात. दिसायला फरक जवळजवळ नसतो. वाजवायला बसल्यावर मात्र एका पडद्यावर गंधार बरोबर आणि पुढच्यावर मध्यम चढा, असं होतं. हे वादकाला स्वतःला नीट करता येत नाही. मेळम बांधणारा कारागीर गाठावा लागतो.

तारांचं वेगळंच. त्या वितळत नाहीत, पण लांबतात. वाजणाऱ्या तारेची लांबी 85 सेंटिमीटर धरू. तापमान 15 अंशांनी वाढलं तर पोलादी तार सुमारे 0.15 मिलीमीटर लांबते. लाकूड आपल्या लांबीत त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं वाढतं, म्हणजे फरक 0.1 मिलीमीटरचा. केसाच्या जाडीएवढा. एवढ्यानं काय बिघडणार? पण ही तार सुरात लावताना मुळात अडीच मिलीमीटरच ताणलेली असते. त्यातला 0.1 गेला म्हणजे चार टक्के ताण गेला. स्वराची उंची ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणून ती दोन टक्क्यांनी उतरते. शेजारच्या दोन स्वरांत, म्हणजे शुद्ध आणि कोमल यांत, सुमारे सहा टक्क्यांचं अंतर असतं. म्हणजे षड्ज त्या अंतराचा तिसरा हिस्सा खाली आला, आणि तो सामान्य श्रोत्याच्या कानालाही बोचतो. गाडीतून उतरल्यावर वादक आधी सावलीत वाद्य ठेवतात आणि खुंट्यांना बऱ्याच वेळानं हात लावतात, ते यासाठी.

तारा पूर्ण सैल करून न्याव्यात असा सल्ला अनेकजण देतात. तो अर्धवट आहे. थोड्या उतरवणं योग्य, कारण ताण कमी होतो. पण पूर्ण सोडल्या तर घोडी जागेवरून घसरते, आणि ती पुन्हा अचूक जागी बसवणं म्हणजे प्रवासापेक्षा मोठं काम.

६. बाकीची वाद्यं

सखारामरावांचं गोट्टुवाद्यम दिसायला वीणेसारखंच. त्यावर पडदेच नाहीत. तारांवर लाकडाचा गुळगुळीत तुकडा सरकवून स्वर काढायचा. मेणाची काळजी त्यामुळे संपली. पण तरफेच्या तारा धरून आजच्या वाद्यावर वीस-एकवीस तारा असतात, आणि त्या सगळ्या पुन्हा जुळवायला वेळ लागतो. ओझं तेवढंच, चिंता वेगळी.

नागस्वरम हे कावेरीकाठचं सगळ्यांत मोठ्या आवाजाचं वाद्य. कुंभकोणमजवळच्या नरसिंगपेट्टै गावचं नागस्वरम प्रसिद्ध आहे, त्यालाही 2022 मध्ये मानांकन मिळालं. हे अडीच-तीन फुटांचं, पण त्याची जिभली, नळी आणि खालचा कर्णा वेगवेगळे होतात, आणि एका झोळीत घेऊन सायकलवरूनही जाता येतं. उलट टोकाला तिरुवारूरच्या त्यागराज मंदिरातलं पाच तोंडांचं पंचमुख वाद्यम. त्या धातूच्या अजस्र नगाऱ्याला कोणतीही गाडी लागत नाही. ऐकायचं तर श्रोत्यानंच तिरुवारूरला जायचं.

तंबोऱ्याची तुलना महाराष्ट्राच्या वाचकाला सर्वांत जवळची. तंजावरचा तंबोरा फणसाच्या लाकडाचा असतो, मिरजेचा खऱ्या भोपळ्याचा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये मानांकन मिळालं. लाकडी घटाला गाडीच्या दाराचा टोला बसला तर खोक पडते. भोपळ्याला तोच टोला बसला तर तडा जातो. त्यात पुरुषी तंबोरा पाच फुटांच्या आसपास, वीणेपेक्षा लांब. म्हणजे लांबीला आणि नाजूकपणाला, दोन्हीला मिरजेचा तंबोरा अवघड प्रवासी आहे.

हा त्रास वाचवायला लोकांनी वाटा काढल्या. मधून सुटी होणारी प्रवासी वीणा मिळते. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आल्यापासून कित्येक घरांतला खरा तंबोरा खुंटीवरच राहिला. सोय मोठी आहे, हे मान्य केलंच पाहिजे. तरी फणसाच्या कुडमातून निघणारा आणि वीणा बंद केल्यावरही क्षणभर रेंगाळणारा नाद सुट्या वीणेत तितका भरत नाही, असं जुने वादक म्हणतात, आणि ज्यानं दोन्ही एका बैठकीत ऐकल्या त्याला ते पटतं. ओझं उचलण्याजोगं आहे.

मिरजेहून तंबोरा घेऊन निघणाऱ्या वाचकाला एवढं सांगायचं आहे: वाद्य डिकीत टाकू नका, ते मागच्या सीटवर तिरपं, भोपळ्याखाली उशी देऊन ठेवा. वाटेत चहाला थांबलात तर गाडी झाडाखाली लावा आणि काचा खाली ठेवा. गाडी सोडून जायची वेळ आली तर वाद्य बरोबर घ्या. पोहोचल्यावर गवसणी लगेच काढू नका. अर्धा तास वाद्य खोलीच्या हवेत तसंच राहू द्या आणि मग सूर लावा.